नक्कलबाईची खुर्ची

मी एक जुनी सलूनची खुर्ची आहे आणि मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकते, मला माणसांबद्दल फारसा आदर नाही. तेवीस वर्षं मी त्यांची पाठ सोसली आहे. गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं, केस ओले झाले आणि चष्मा काढून ठेवला की मोठमोठी माणसं भिजलेल्या कोंबडीसारखी दिसतात. तरी आरशात बघून हनुवटी वर उचलतात. कोणाला दाखवायला, ते त्यांनाच ठाऊक.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पाया बिडाचा, इतका जड की मला हलवायला चार माणसं लागत. बैठक लाल चामड्याची, हातांवर पांढऱ्या चिनीमातीचे तुकडे बसवलेले. खाली एक दांडा होता. तो पायाने दाबला की मी बसलेल्या माणसासकट अलगद वर जात असे. ज्या मिस्त्रीने मला जोडलं त्याने शेवटी स्वतः बसून एक गिरकी घेतली आणि म्हणाला, "ही आपल्याला पुरून उरेल." एवढं एक वाक्य सोडलं तर माझ्याबद्दल खरं बोललेला माणूस मला नंतर बराच काळ भेटला नाही.

सलूनवाल्याने मला विकत आणलं ते थाटात. आल्यागेल्याला तो माझ्या पाठीवर थाप मारून दाखवत असे. गल्लीतली सगळी गिऱ्हाइकं सगळ्यांत आधी माझ्याकडे धावत. दुसरी एक खुर्ची होती, पण ती लाकडी, तिला कोण विचारतो. मी मात्र बसणाऱ्याची किंमत बसल्या क्षणी करत असे. जो धपकन बसतो तो घरी कोणाचं ऐकत नाही. जो कडेला बसतो त्याला उठवलं जायची सवय असते. शहरातल्या मोठ्या सभागृहाचे व्यवस्थापक यायचे, ते बसायच्या आधी रुमालाने मला पुसायचे. मी रोज तेलाच्या फडक्याने पुसली जात होते, आणि हे गृहस्थ मला पुसणार. तरी खरं सांगते, मला ते आवडायचं. मोठ्या माणसाने केलेला अपमानही मला मान वाटायचा. माझ्या स्वभावातली ही खोड तुम्ही लक्षात ठेवा, कारण पुढे तीच नडली.

नक्कलबाई मला पहिल्यांदा दिसली ती टॉवेलांचं गाठोडं न्यायला आली तेव्हा. पाच दुकानं सोडून तिच्या थोरल्या बहिणीची लॉन्ड्री होती आणि ही तिथे इस्त्री करायची. किडकिडीत, तिशी ओलांडलेली, उजव्या हाताच्या बोटांना चटक्यांचे डाग. तेव्हा तिला नक्कलबाई म्हणत नव्हते, काहीच म्हणत नव्हते. ती आली काय नि गेली काय.

त्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. सलूनवाले काका मनगट चोळत बसले होते. "काय कळत नाही बघ," ते म्हणाले, "दिवसाला दहा डोकीसुद्धा होत नाहीत हल्ली, आणि मनगट तर तुटायला आलंय."

तिने गाठोडं खाली ठेवलं. म्हणाली, "काका, दाखवू?"

"काय दाखवणार?"

ती माझ्या मागे उभी राहिली. माझ्यात कोणी बसलेलं नव्हतं. तिने हातात नसलेली कात्री धरली आणि नसलेले केस कापू लागली. एक तुकडा कापला की दोन पावलं मागे, मान तिरकी, आणि त्या सगळ्या वेळात बोटं चालूच, कच कच कच, हवेतच. कापणं थोडं आणि ही रिकामी कचकच फार. काका बघत राहिले. त्यांचा चेहरा उतरला, मग हळूहळू उजळला.

"मी कात्री रिकामीच चालवतो होय?"

"शर्टाच्या बाहीवरून कळलं," ती म्हणाली. "तुमची उजवी बाही कोपरापाशी विरलीय. एवढी काही कापून विरणार नाही."

तर असं होतं तिचं. माणसाचे कपडे तिच्या हाताखालून जायचे आणि त्यांवरून तिला त्या माणसाचं वाकणं, वळणं, ओझं उचलणं दिसायचं. बसड्रायव्हरच्या शर्टाच्या एकाच खांद्याचा रंग उन्हाने उडालेला असतो. जी बाई दिवसभर खाली बसून फरशी पुसते, तिच्या कपड्याला गुडघ्यापाशी पाण्याच्या रेषा पडतात आणि कितीही धुतल्या तरी जात नाहीत. ती इस्त्री करता करता ही हालचाल हळूच करून बघायची. बहीण ओरडायची, "लोकांचे कपडे नीट कर आधी, लोकांची सोंगं मग कर."

मला हे सगळं पोरकट वाटलं. कापायची ती डोकी, कात्री हवेत चालली काय आणि केसांत चालली काय. पण काकांनी त्या दिवसापासून कात्री थांबवायला सुरुवात केली आणि महिन्याभरात त्यांचं मनगट बरं झालं. ते सगळ्यांना सांगत सुटले.

पुढे काकांनी हलक्या, चाकांच्या खुर्च्या आणल्या आणि मला मागच्या अंधाऱ्या खोलीत ढकललं. माझ्यावर ओले टॉवेल वाळत पडू लागले. एका सबंध वर्षात मला कोणी तेल लावलं नाही. ज्या माणसाचं दुकान मी उभं केलं, तो माझ्यावर बादली ठेवायचा. कृतज्ञता हा शब्द माणसांनी एकमेकांसाठीच राखून ठेवलेला दिसतो, आणि तिथेही फारसा वापरलेला नाही.

एके दिवशी नक्कलबाईने मला मागून घेतलं. "काका, ही खुर्ची मला द्या. रविवारी दुपारी लॉन्ड्रीसमोरच्या फुटपाथवर मांडीन. त्यात माणसाला बसवीन आणि त्याचंच काम त्याला दाखवीन. माणूस सगळ्या जगाला काम करताना बघतो, स्वतःला कधीच बघत नाही."

काका म्हणाले, "कोण येणार आहे बसायला?"

"तुम्ही या पहिले."

चार माणसांनी मला हातगाडीवर चढवून लॉन्ड्रीच्या दारात आणून टाकलं. एके काळी ट्यूबलाइटच्या प्रकाशाखाली मिरवलेली मी, आता धुळीत, कुत्र्यांच्या शेजारी. माझ्या मनात त्या बाईबद्दल काय होतं ते मी तुमच्यासारख्या मुलांसमोर बोलणार नाही.

तिचे नियम तीन होते, आणि ते तिने काकांना माझ्यासमोरच सांगितले. विचारल्याशिवाय कोणाचं काम करायचं नाही. त्या माणसाबरोबर एक अख्खा दिवस काढल्याशिवाय करायचं नाही. आणि हसू आलं तर येऊ द्यायचं, मुद्दाम आणायचं नाही.

पहिल्या रविवारी काका बसले आणि बघायला तिघंजण होते, त्यांतला एक पत्ता विचारायला थांबला होता. दुसऱ्या महिन्यात बसड्रायव्हर बसला. नक्कलबाईने त्याच्या बसमध्ये सकाळपासून संध्याकाळपर्यंत फेऱ्या मारल्या होत्या. फुटपाथवर एका उलट्या टोपलीवर बसून तिने त्याचा दिवस केला. खांद्याने जड चाक फिरवणं, आरशात बघणं, आणि दर थांब्याला, कोणी धावत येतंय का, म्हणून अर्धा श्वास थांबणं. एवढंच. माझ्या मते यात बघण्यासारखं काडीचं नव्हतं. पण ड्रायव्हरची बायको गर्दीत उभी होती, ती म्हणाली, "आणि मी रोज विचारते, गाडीत बसून बसून कसले दमता." पुढच्या रविवारपासून ड्रायव्हर सगळ्यांसाठी किटली भरून चहा आणू लागला.

असे हळूहळू लोक जमले. कोणी घरून स्टूल आणायचे. कार्यक्रम संपला तरी कोणी उठायचं नाही. वर्षानुवर्षं एकाच गल्लीत राहून ज्यांनी एकमेकांना नावाने हाक मारली नव्हती, ते आता एकमेकांची पाठदुखी तोंडपाठ सांगत होते. तिला नक्कलबाई हे नाव याच लोकांनी दिलं. मी तिथे बसून विचार करायची, काय ही माणसं. दिवसभर राबतात, आणि सुट्टीच्या दिवशी तेच राबणं पुन्हा बघायला येतात.

या सगळ्यांत तिची जवळची झाली ती मावशी. दवाखान्यात फरशा पुसणारी, वॉर्ड झाडणारी, पन्नाशीची, रुंद हाडापेराची बाई. दवाखान्यात तिला सगळे मावशीच म्हणत, म्हणून गल्लीतही मावशी. तिचं काम करायचं ठरलं तेव्हा नक्कलबाई तिच्याबरोबर वॉर्डात एका कोपऱ्यात दिवसभर बसून राहिली. परत आल्यावर दोघी माझ्याजवळ पायरीवर बसल्या होत्या.

मावशी म्हणाली, "सगळं कर. वाकते ते कर, बादली उचलते ते कर, कमरेवर हात ठेवून उठते ते कर. एक तेवढं नको करूस."

"कुठलं?"

"तुला ठाऊक आहे."

नक्कलबाईला ठाऊक होतं. तिने पाहिलं होतं. वॉर्डातलं कोणी दगावलं, त्याला नेलं, की मावशी ती गादी पुसायला घेण्याआधी तिच्यावर एकदा हात थोपटायची. झोपलेल्या लेकराला थोपटावं तसा, एकदाच. मग फडकं पिळून कामाला लागायची.

"ते माझं आहे," मावशी म्हणाली. "ते राहू दे."

नक्कलबाईने ते केलं नाही. बाकी सगळं केलं. मावशी माझ्यात बसून बघत होती आणि बसणं असं की जणू कोणी येऊन उठवेल. शेवटी ती एवढंच म्हणाली, "मी एवढी वाकते?" गर्दीत दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टर होत्या. दोन आठवड्यांनी वॉर्डात लांब दांड्याची फडकी आली. मावशीने पहिल्या दिवशी तो दांडा उभ्याने चालवला आणि संध्याकाळी लॉन्ड्रीत येऊन नक्कलबाईला, हातात इस्त्री असतानाच, मिठी मारली. त्यापुढे मावशी रोज कामावरून सुटली की लॉन्ड्रीच्या पायरीवर टेकायची, नक्कलबाई तिचे कपडे सगळ्यांत आधी करून द्यायची. एका फडक्याच्या दांड्यासाठी एवढी मैत्री. मला त्या दोघींची कीव यायची.

मग एका रविवारी सभागृहाचे व्यवस्थापक आले. त्यांनी मला ओळखलं. रुमाल काढला, मला पुसलं आणि बसले. मित्रांनो, माझं अंग मोहरून गेलं. इतक्या दिवसांनी बऱ्या घरचं माणूस बसलं होतं.

त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं आणि नक्कलबाईला म्हणाले, "बाई, तुमच्यात गुण आहे. तो असा रस्त्यावर किती दिवस सांडणार? आमच्या वर्धापनदिनाला या. सातशे माणसं बसतात. ती दवाखान्यातली बाई करा, ती छान आहे."

नक्कलबाईने मान खाली घातली. "साहेब, जिचं काम आहे तिला खुर्चीत बसवावं लागतं."

"बघू की. तालमीला या आधी."

तिने हो म्हटलं ते का, हे मला माहीत आहे. साहेब गेल्यावर तिने पहिली गोष्ट केली ती बहिणीला सांगणं. बहीण इतक्या रविवारांत एकदाही बाहेर येऊन उभी राहिली नव्हती. ती आत हिशेबाची वही उघडी ठेवून बसायची आणि चटणीसारखा एखादा शब्द बाहेर टाकायची. त्या दिवशी ती म्हणाली, "सभागृहात? खुर्च्यांवर बसून बघायचं? मग येईन. दुकान बंद ठेवीन दुपारी." नक्कलबाईने तिच्याकडे असं पाहिलं, जणू लहान मुलाला कडेवर घ्यायला कोणीतरी हात पुढे केला आहे.

तालमीला मलाही हातगाडीवरून नेलं होतं. तिथे साहेब म्हणाले, "फार मंद आहे हो. माणसं दमूनभागून येतात, त्यांना जरा हसवा. ती कमरेवर हात ठेवून उठते ना, ते तीनदा करा. बादलीत पाय अडकवा एकदा."

"तिचा पाय कधी अडकत नाही साहेब."

"तुमचा अडकू द्या."

ती हसली. खरं तर तिने हसायला नको होतं, पण मीही त्या वेळी मनातून हसले. मला वाटलं, आता कुठे ही शहाण्यासारखी वागतेय.

वर्धापनदिनाला मला धुऊन पुसून, चामड्याला पॉलिश लावून स्टेजवर ठेवलं. दिवे असे की माझा पितळी पट्टासुद्धा चमकत होता. मावशी चांगले कपडे घालून आली होती, बरोबर दवाखान्यातल्या दोघी. दारात तिला सांगण्यात आलं की खुर्चीत मुख्य पाहुणे बसणार आहेत, तुमची सोय खाली केली आहे, आठवी रांग.

नक्कलबाई पडद्याआडून तिच्यापाशी गेली. "मावशी, ऐनवेळी ठरलं गं. मी सांगून पाहिलं."

तिने सांगून पाहिलं नव्हतं. मी तिथेच होते.

मावशी म्हणाली, "असू दे. खालून मला नीट दिसेल."

पाहुणे माझ्यात बसले. वजनदार गृहस्थ होते. नक्कलबाई बादली घेऊन आली, वाकली, कमरेवर हात ठेवून उठली, आणि लोक हसले. दुसऱ्यांदा उठली, जास्त हसले. पाय अडकवला. पाहुण्यांच्या पोटाचा हादरा माझ्या दांड्यापर्यंत पोचत होता. मावशीच्या बरोबरच्या दोघी हसत होत्या आणि मावशीसुद्धा, थोडीशी, ओठ मिटून. तोवर ते चालून गेलं असतं.

पण हसू ओसरायला लागलं. तिला शेवट सापडेना. माणसाला टाळीची चटक लागली की तो घरातलं काहीही विकायला काढतो. नक्कलबाई थांबली, आजूबाजूला पाहिलं, आणि समोर एक गादी आहे असं करून तिच्यावर थोपटलं. एकदा नाही. थपाथप, तोंड वाकडं करून, डोळे मिचकावून, जणू गादीत कोणी लपलंय. सभागृह फुटायचं बाकी राहिलं. पाहुण्यांनी माझ्या हातावर मुठी आपटल्या.

आठव्या रांगेत मावशी उठली. ती रागावलेली दिसत नव्हती. शेजारणीच्या गुडघ्यांवरून सांभाळून, "जरा जाऊ द्या," असं म्हणत ती बाहेर पडली. मी तिला जाताना पाहिलं, आणि मला काय वाटलं ते लपवत नाही. मला वाटलं, अडाणी बाई, कलेतलं काय कळणार हिला.

संध्याकाळी मला दारात परत आणून ठेवलं आणि लॉन्ड्री उघडली. बहीण कपाटाला किल्ली लावत म्हणाली, "बरं झालं. लोक हसले."

"तुला आवडलं?"

"आवडलं. ते शेवटी थोपटलंस ते काय होतं?"

"काही नाही. असंच."

"असंच होतं तर ती बाई उठून का गेली?"

नक्कलबाईने इस्त्री गरम केली आणि आधीच इस्त्री झालेला एक शर्ट पुन्हा करू लागली.

मावशीचे कपडे त्या आठवड्यात आले नाहीत. पुढच्याही नाहीत. त्या दोघींनी झालेलं दवाखान्यात आणि मग गल्लीतही सांगितलं असावं, कारण मग ड्रायव्हरचा शर्टही यायचा थांबला आणि तो चुरगळलेल्या बाह्यांनी समोरून जाऊ लागला. सलूनवाले काका टॉवेल आणून फळीवर ठेवत आणि निघून जात. रविवारी मी फुटपाथवर सज्ज असे, पण स्टुलं घेऊन कोणी येईना.

ती दवाखान्यात माफी मागायला गेली. ते तिने काकांना थांबवून सांगितलं. "मी समोर उभी राहिले. ती पुसत होती. म्हणाली, पाय उचल, ओलं आहे. मी पाय उचलला, ती तिथलं पुसून पुढे गेली. बस, एवढंच."

काका म्हणाले, "मग काय म्हणायला हवं होतं तिने?"

"काका, साहेबांचा निरोप आलाय. दर महिन्याला या म्हणतात."

"जा मग."

"जाऊ?"

काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "एवढ्या लोकांना तू हिच्यात बसवलंस. तू कधी बसलीस?"

त्या रविवारी नक्कलबाई स्वतः माझ्यात बसली. समोर रिकामा फुटपाथ. तिचं वजन जाणवण्याइतकंही नव्हतं. लोक जाताना बघायचे आणि चालते व्हायचे. तास झाला तशी ती उठली. पुढच्या रविवारीही तसंच. मला लाज वाटत होती, पण तिची नव्हे, माझी. चार माणसं लागतात मला हलवायला, एवढी मी जड, आणि एका हडकुळ्या बाईबरोबर रस्त्यात हसं करून घेतेय.

तिसऱ्या रविवारी मावशी आली. कामावरून थेट, काखेत पिशवी. ड्रायव्हर, त्याची बायको, काका थोडे लांब उभे होते. मावशीने पिशवी खाली ठेवली, नक्कलबाईच्या समोर उभी राहिली आणि न विचारता सुरुवात केली.

आधी इस्त्री. एका हाताने पाणी शिंपडणं, कॉलर उलटी करून उजेडात धरणं, मग त्या कॉलरीच्या माणसासारखी मान वाकडी करून बघणं. ती जाडजूड बाई नक्कलबाईसारखी हलकी झाली. लोक जवळ सरकले. मग ती पायरीवर बसली, गुडघे जुळवून, हात मांडीत. वॉर्डातल्या कोपऱ्यातली नक्कलबाई. बघता बघता तोंड उघडं पडलेलं, पापणी न हलणारी, दुसऱ्याच्या कामात पार बुडालेली. मी नक्कलबाईला इतके दिवस पाहिलं होतं. ती इतकी सुंदर दिसते हे मला ठाऊक नव्हतं.

मग मावशी उठली आणि सभागृहातली नक्कलबाई झाली. पण तिने बादली केली नाही, अडकलेला पाय केला नाही, थोपटणंही केलं नाही. तिने फक्त त्यानंतरचं केलं. टाळ्या चालू आहेत. छाती वरखाली होतेय. डोळे वर उठतात आणि शोधायला लागतात. आठव्या रांगेवर येतात, तिथे काहीतरी दिसतं, आणि चटका बसावा तसे उचलले जाऊन पहिल्या रांगेत जाऊन बसतात. तिथे हसतात. मावशी पहिल्या रांगेकडे बघून हसत राहिली, हसतच राहिली, गाल दुखेपर्यंत.

नक्कलबाईचे हात माझ्या हातांवर घट्ट होते. ती उठली नाही. तोंडही वळवलं नाही. दुसऱ्यांनी जेवढं बघितलं तेवढं तिने बघितलं, पुरतं.

मावशी थांबली. धापा टाकत म्हणाली, "ते मी कोणाला दाखवायला करत नाही. तुला दिसलं, कारण तू गप्प बसली होतीस."

"चुकलं माझं मावशी."

"चुकलंच." तिने पिशवी उचलली. मग दोन पावलं जाऊन वळली. "उद्या कपडे पाठवते. खळ कमी लाव. मागच्या वेळी टोचत होते."

एवढं बोलून ती गेली. मिठी नाही, रडारड नाही. ड्रायव्हर मात्र किटली आणायला घरी गेला.

नक्कलबाईने सभागृहाला नकार कळवला. साहेबांचं त्यावाचून काही अडलं नाही. त्यांनी दुसरा एक विनोदी माणूस धरला, आणि तिथे अजूनही सातशे माणसं बसतात व हसतात. जगात चांगलं वागल्याने वाईट वागणाऱ्याचं नुकसान होतं, असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. मावशी आणि नक्कलबाई यांचं पूर्वीसारखं व्हायला दीड वर्ष लागलं. नोकरी संपल्यावर मावशी रविवारी तिच्याबरोबर उभी राहू लागली. दोघी मिळून करू लागल्या, एकमेकींच्या चुका गर्दीसमोर सांगत. बहीण दारात स्टूल टाकून बसू लागली. तोंड तसंच आहे तिचं.

मी मात्र संपत आले. पावसाने पाय ठेवायची जाळी गंजली. दांडा कितीही दाबला तरी मी वर जात नाही, तेल गळून गेलं आहे. येणारेजाणारे हल्ली मोबाईल काढतात, माझा फोटो घेतात, "किती छान जुनं" म्हणतात आणि कार्यक्रम सुरू व्हायच्या आत निघून जातात. त्यांच्याबद्दल मला काय वाटतं ते तुम्ही ओळखलं असेलच.

मागच्या रविवारी एक म्हातारा गृहस्थ गर्दीच्या कडेला येऊन उभा राहिला. ते साहेब होते. नोकरी संपून चार वर्षं झाली होती आणि त्यांना कोणी नमस्कारही केला नाही. कार्यक्रम संपल्यावर ते पुढे आले.

"माझं कराल का?"

नक्कलबाई म्हणाली, "कुठलं काम?"

मला आतून फार बरं वाटत होतं. मनात म्हटलं, आता बोला.

"सध्या तर काही करत नाही," ते शेवटी म्हणाले. "सकाळी उठतो. गच्चीत बसतो. फोन येतो का बघतो."

मावशी नक्कलबाईकडे बघत होती. मला वाटलं, मावशी आता त्यांना बरोबर वाटेला लावील. ती म्हणाली, "बसा तर खरं. उभे किती राहाल."

ते बसले. कडेला, उठवलं जायची सवय असल्यासारखे. नक्कलबाईने स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसली. "उद्या सकाळी येते तुमच्याकडे," ती म्हणाली. "दिवसभर गच्चीत बसेन तुमच्याबरोबर. मग सांगते, जमतंय का."

"कंटाळाल हो."

"बघू."

मी ते म्हातारं वजन धरून होते आणि माझ्या लक्षात आलं की मी ते टाकून द्यायची वाट बघतेय. ती बाई त्यांच्यासाठी एक अख्खा दिवस द्यायला निघाली होती. मी जन्मभर माणसांना क्षणात तोलून मोकळी झाले होते. ज्या दिवशी खरंच तोलायला हवं होतं, त्या दिवशी मी पॉलिश लावून चमकत होते.

मित्रांनो, तुमच्या गल्लीत असं कोणी असेल, फुटपाथवर काहीतरी मांडून बसणारं, तर थांबा. पंधरा मिनिटं म्हणजे पंधरा मिनिटं थांबा, मध्येच निघू नका. आणि त्याने तुम्हाला बसायला सांगितलं तर बसा, समोर जे दिसेल ते शेवटपर्यंत बघा. माझ्यासाठी फार काही मागत नाही. पाऊस आला तर कोणीतरी ताडपत्री टाका, आणि दांड्याला दोन थेंब तेल घाला. वर जायची आता हौस उरली नाही, पण बसलेल्या माणसाला मागची गर्दी दिसावी म्हणून निदान वळता तरी यावं.